निवेसचं दार

८ ऑक्टोबर

पोहोचले. बस गावाच्या कमानीपाशीच थांबते, पुढे सगळ्या पायऱ्याच. रुज्जेरोने माझं शिवणयंत्र हातगाडीवर बांधलं, बॅग खांद्यावर घेतली आणि आम्ही चढायला लागलो. प्रत्येक वळणावर कुणीतरी खिडकीतून वाकून विचारत होतं, ही तेर्नीची मावशी का. तो प्रत्येक वेळी न कंटाळता हो म्हणाला. पोज्जोरिवा गाव बघायला लोक लांबून येतात ते उगाच नाही. पायरीपायरीवर जिरेनियमच्या कुंड्या, मधाच्या रंगाची भिंत, खाली धुक्यात बुडालेली ऑलिव्हची झाडं. एका जोडप्याने मलाच विचारलं, चर्च कुठे. मी हाताने दाखवून दिलं, जणू इथलीच आहे.

शेजारच्या त्सेलिंदाकाकू दारात मसूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "माय मरो, मावशी जगो म्हणतात. मावशी जरा वाळकीच आहे, पण चालेल. खायला घालू." रुज्जेरो हसला. फेब्रुवारीत त्याची बायको, माझी धाकटी बहीण निवेस, गेल्यापासून तो हसला नव्हता, असं त्याच म्हणाल्या.

दिलेत्ता बापाच्या मागे लपली होती. सहा वर्षांची झाली, डोळे थेट निवेसचे. बऱ्याच वेळाने जवळ आली आणि खिशातला भाजलेला चेस्टनट माझ्या हातात ठेवून पळाली. चेस्टनट अजून कोमट होता. चाळिशी उलटल्यावर आपली कुणाला तरी गरज आहे हे असं हातात यावं! तेर्नी शहरातलं शिवणाचं दुकान मैत्रिणीला देऊन आले, याचं जराही वाईट वाटत नाही.

इथल्या जुन्या घरांसारखं या घरालाही मोठ्या दाराशेजारी दुसरं अरुंद दार आहे. उंबरा रस्त्यापासून गुडघाभर उंच. त्यातून फक्त मेलेल्या माणसाला बाहेर काढायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या घंटेच्या आत ते दगडांनी बुजवायचं, म्हणजे गेलेल्याला परतीची वाट राहत नाही. गावातली सगळी अशी दारं बुजलेली आहेत. आमचं नाही. गवंडी दगड घेऊन आला तेव्हा दिलेत्ताने आकांत केला, म्हणून रुज्जेरोने नुसत्या फळ्या ठोकल्या आणि आतून कपाट लावलं.

१४ ऑक्टोबर

यंत्र खिडकीपाशी मांडलं. बायका पडदे, कोट घेऊन येतात आणि निवेसबद्दल बोलत बसतात. निवेसच्या कुंड्यांना बक्षीस मिळालं होतं. निवेस कशी हसायची. निवेसच्या हातचं डुकराचं मटण. मी टाचण्या तोंडात धरून मान हलवते. बरं असतं, तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

लहानपणी माझे आखूड झालेले फ्रॉक तिच्याकडे जायचे आणि तिच्या अंगावर असे दिसायचे की आई म्हणे, अगं, हा आधी असा का नव्हता दिसत? मेळ्यातल्या नाचात रुज्जेरोने आधी मला विचारलं होतं. मी पेला ठेवायला वळले, तेवढ्यात निवेस आली. तिचा काही दोष नव्हता. तिचा कधीच काही दोष नसे, हेच तर.

आता तिचं घर, तिची खुर्ची, तिचा एप्रन माझ्याकडे आलाय. एप्रन मी दोनदा उसवून शिवला. बसत नाही.

२३ ऑक्टोबर

दिलेत्ता शाळेतून येते, मी समोर केलेला पाव आणि तेल खाते, थँक्यू मावशी म्हणते. शहाणी आहे. मग कपाटाच्या कडेशी जाऊन बसते आणि मागच्या फळ्यांच्या फटीला तोंड लावून दिवसभराचं सगळं सांगते. कुणी ढकललं, बाई काय म्हणाल्या, कुठला दात हलतोय. मी शिवण थांबवून ऐकायचा प्रयत्न करते. आज विचारलं, मलापण सांग ना. तिने जरा विचार केला. "तेच दोनदा काय सांगायचं मावशी? आईला सांगून झालं."

रागावले नाही. तिची वेणी घातली. ती म्हणाली, आई ओढत नाही.

फटीतून गार वारा येतो. त्याच्याबद्दल बोलले, तर रुज्जेरो म्हणाला, राहू दे गं थोडे दिवस.

१ नोव्हेंबर

आज घराघरातून मेलेल्यांसाठी पान मांडतात. पाव, पाण्याचा जग, मसुराचं सूप, आणि खिडकीत दिवा. तेर्नीत आमची आईही मांडायची, पण चौथ्या मजल्यावर ते सगळं लुटुपुटूचं वाटे. इथे लोक लवकर उठतात, पलंग मोकळे करून देतात, की पाहुण्यांनी जरा पडावं.

दिलेत्ताने पान कुठे मांडायचं ते ठरवलं. माझ्या खुर्चीसमोर. मी स्टुलावर बसून जेवले. रुज्जेरोच्या लक्षातही आलं नाही, तो त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून इतक्या मायेने पाव तोडत होता.

२ नोव्हेंबर

मी जे केलं ते बरोबर केलं.

नियम असा आहे की उजाडल्यावर पान उचलायचं. पान उचललं की गेलेले निघतात. पान आहे तोवर ते घरात आहेत असं धरतात. सकाळी मी ताटलीला हात लावला तर दिलेत्ता रडायला लागली, आईला दुपारचं जेवून जाऊ दे. रुज्जेरो म्हणाला, राहू दे, संध्याकाळच्या घंटेपर्यंत वेळ असतो. मग दोघं शेवंतीची फुलं घेऊन कबरस्तानात गेले. मला कुणी चल म्हटलं नाही. माझीही बहीण होती ती.

मी जाऊन आर्दुइनो गवंड्याला बोलावलं. तो तर कधीपासून टपला होता, त्या उघड्या दारामुळे गावाला लाज म्हणायचा. कपाट आम्ही दोघांनी सरकवलं. पहिला दगड हातात घेऊन त्याने विचारलं, "ताई, पान उचललंत ना?"

मी म्हटलं, "उचललं."

छातीवर क्रूस काढून तो कामाला लागला. दुपारच्या घंटेला भिंत उभी होती, ओली, स्वच्छ. मला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. सूप संपलं होतं. चमचा चाटून ताटलीच्या मधोमध ठेवलेला. निवेस तसा ठेवायची.

३ नोव्हेंबर

दिलेत्ता रडली नाही. मी रात्रभर त्याचीच तयारी करत होते. भिंतीला हात लावून बघितला आणि शांतपणे म्हणाली, बरं झालं, आता आईला जावं लागणार नाही.

रुज्जेरो माझ्याशी बोलत नाही. रागाने नाही. त्याला दुसरंच काही ऐकू येत असल्यासारखा तो मध्येच मान वळवतो.

६ नोव्हेंबर

सकाळी वेणी घालायला गेले तर वेणी घातलेली होती. डोक्याभोवती गोल, निवेस घालायची तशी. एक केस बाहेर नाही.

दिलेत्ताच्या कोटाचं बटण तुटलं होतं, मी आज लावणार होते. लावलेलं होतं. निवेस दोरा कधी कात्रीने कापत नसे, दाताने तोडायची, टोक पिंजलेलं राहायचं. मीच ओरडायचे तिला. ते टोक मी बराच वेळ बोटांत धरून बसले. ओलसर होतं.

घाबरायला हवं होतं. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की बटण मी लावणार होते.

९ नोव्हेंबर

रुज्जेरो दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, पायऱ्या चढताना गुणगुणतो. जेवताना त्याच खुर्चीकडे तोंड करून बसतो. आज मी चिडून त्या खुर्चीत बसले. मांड्यांखाली लाकूड बर्फासारखं, आणि पाठीमागे कुणीतरी वाट पाहत उभं आहे, जागा सोडायला सांगावं का नको अशा भिडेने. माझी बहीण भिडस्तच होती. मी उठले.

दिलेत्ता माझ्या हातचं खात नाही. आईबरोबर जेवले म्हणते. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. पोरीचे हात गार.

११ नोव्हेंबर

सेंट मार्टिनचा दिवस. चौकात नवी वाइन, चेस्टनट, पाहुण्यांची गर्दी. त्सेलिंदाकाकूंना एका बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पानाचंसुद्धा. त्यांचा चेष्टेचा सूर गेला. म्हणाल्या, बाई, तू बाहेर ठेवायच्या माणसाला आत कोंडलंस. मी विचारलं, भिंत फोडून पान उचललं तर? त्या म्हणाल्या, दगड फुटेल, वाट फुटणार नाही. ते दार आडव्या माणसासाठी उघडतं. त्या माणसाला त्यातून नेतील, तेव्हाच त्याच्यामागून निवेस जाईल.

"कोण आडवं होणार?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चौकात दिलेत्ता उभी होती, एक हात वर धरून, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा, तिच्याकडे पाहत राहिल्या.

१२ नोव्हेंबर

रुज्जेरोने आणि आर्दुइनोने भिंत फोडली. मी पानाबद्दल खोटं बोलले हे कळल्यावर आर्दुइनो माझ्याकडे बघून थुंकला. भोकातून रस्ता दिसला, ऊन आलं. पर्यटकांनी फोटो काढले. घर तसंच गार. दुपारी ताटली चाटलेली.

दिलेत्ताला ताप.

१३ नोव्हेंबर

तिला चादरीत गुंडाळून बसकडे निघाले. कमान ओलांडली आणि पोर ताठ झाली, ओठ निळे, श्वास नाही. उलटी धावले. आत आल्याबरोबर श्वास आला.

डॉक्टर म्हणतात साथ आहे. गोळ्या दिल्या.

मी एकटी जाऊ शकते. बस मला नेईल. रुज्जेरो तर म्हणालाच, तू जा ओर्नेल्ला, तू का यात. चांगल्या मनाने म्हणाला. पण मी गेले की इथे ते तिघं राहतील. मग दोघी जातील. मरतानाही पोर तिचीच —

नाही. हे लिहायला नको होतं. पण हेच आहे माझ्या मनात, त्याला मी काय करू.

१४, सकाळी

ती दिसली. पलंगाच्या पायथ्याशी. माझ्याहून लहान, अजून सदतिशीची. वाईट काही नाही चेहऱ्यावर. दमलेली. दिलेत्ताचा पाय धरून होती आणि सोडायचा प्रयत्न करत होती. सुटत नव्हता. तिलाही सुटत नाहीये —

निवेसला पोर न्यायची नाही. तिला फक्त परत जायचंय. एकटीला जाता येत नाही.

कोंडलं मी.

१४, दुपार

ताप उतरत नाही. रुज्जेरो पाद्रीबाबांना आणायला गेलाय. घरात आम्ही तिघी.

मी तिला म्हटलं, मोठ्याने म्हटलं, जशी लहानपणी म्हणायचे, "ये इकडे. मी येते तुझ्याबरोबर. तिला सोड."

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पोरीचा पाय सुटला. हात पुढे केला. मी —

उजवा हात तिच्या हातात आहे. डाव्याने लिहितेय. खांद्यापर्यंत गार चढलंय, दुखत नाही. भीती होती तेवढं काही — दिलेत्ताच्या गालावर रंग येतोय. घाम आलाय, ताप उतरतोय. बघ निवेस, उतरतोय. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर राग नाही —

दिलेत्ताने डोळे उघडले.

"आई" म्हणाली. तिच्याकडे नाही. माझ्याकडे बघून. निवेस समोर उभी असताना तिच्या आरपार माझ्याकडे बघून, आई, पाणी दे —

देते. देते बाळा. निवेस, हात सोड, एक मिनिट, तिला पाणी —

सोडत नाहीये. तिचा चेहरा बदलला. हा चेहरा मला ओळखू येतो. हा मी घालायचे, सगळं आयुष्य, तिच्याकडे बघताना. आता तिच्या अंगावर — किती बरोबर बसलाय —

निवेस, माझ्याकडे बघ. तिच्याकडे नको, माझ्याकडे. मी येतेय ना, मी येतेय म्हटलं ना, दुसऱ्या हाताने तू तिचा पाय