पितळेनं मढवलेली दुर्बीण

खर्र-खर्र, खर्र-खर्र. बाबा, घासायच्या ओल्या पुडीत काचेवर काच फिरायची, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. माजरीच्या क्वार्टरचं अंगण, वाळूनं भरलेला ड्रम, त्यावर घट्ट बसवलेली एक काच. आणि दुसरी, जिचा पुढं दुर्बिणीचा आरसा झाला, ती दोन्ही हातांनी ढकलत तुम्ही ड्रमभोवती अर्धं अर्धं पाऊल सरकताय. खाणीतल्या वाफेच्या इंजिनाचे फिटर तुम्ही, पाळी संपवून आलेले, नखांत अजून काळं तेल. मी पायरीवर बसून शाळेतल्या कविता म्हणतोय, कारण भुजंगप्रयाताच्या चालीवर तुमचा हात एकसारखा फिरतो. मी अडखळलो की तुम्ही ओरडता, "म्हण ना बे! तू थांबला का माहा हात भटकते." तेव्हा वाटायचं, माझ्या कवितांनीच ती काच घासली जाते आहे. खरं सांगू, या वयातही तसंच वाटतं.

त्या काचेवर नागपूरच्या एका कॉलेजातल्या सरांनी चांदीचा लेप चढवून दिला. तुम्ही ती फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून, तान्ह्या लेकरासारखी रेल्वेनं घरी आणलीत. पत्र्याच्या नळीत बसवलीत आणि सगळ्यांत आधी आईला स्वयंपाकघरातून हाक मारलीत. ती पिठाच्या हातांनीच आली, हात पाठीमागं धरून वाकली, बराच वेळ शनी बघत राहिली. मग म्हणाली, "अवो, याले हे कडं कोनं घातलं?" तुम्ही म्हणालात, "सासरचं असंन." तुम्हाला एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुर्बीण माझ्यासोबत वरोऱ्याला आली आणि माळ्यावरच राहिली. यंदा नातीनं ती फोनवर पाहिली. "आबा, हिला स्टीमपंक करा ना!" म्हणजे काय, तर वाफेच्या जमान्यातल्या यंत्रासारखं सजवायचं, पितळ, तांबं, चाकं, काटे. मी म्हटलं, "अवं पोरी, त्यासाठी बाजारात काऊन जाचं? तुह्या पणजोबाची पेटी आहे ना!" तुमचं इंजिन मोडीत निघालं तेव्हा साहेबाला विचारून तुम्ही आणलेले तुकडे त्या पेटीत तसेच होते. वाफेचा दाब दाखवणारा गोल काटा, व्हॉल्व्हचं चाक, तेलाची कुपी, तांब्याच्या नळ्या. चिंच आणि चुलीतली राख घेऊन मी बसलो. काळ्या पितळेतून हळूहळू सोनं वर येतं, आणि मी पुन्हा त्याच कविता गुणगुणतोय, हात त्याच चालीवर फिरतोय. काटा नळीच्या छातीवर बसवला, तांब्याच्या पट्ट्या आवळल्या, चाक बाजूला लावलं. दुर्बीण तुमच्यासारखी दिसू लागली, बाबा. ड्यूटीवर निघालेली.

मग आरसा काढला. खाणीच्या धुरानं इतक्या वर्षांत तो काळा-पिवळा पडला होता, देवघरातल्या चांदीच्या निरांजनासारखा. निरांजन आपण कशानं घासतो? हात चालीत होता, कविता ओठांवर होती. मी चिंच लावली, राख लावली आणि घासलं. धुतल्यावर पाहिलं तर आरशातून माझ्या लुंगीच्या चौकटी दिसत होत्या. चांदी मोरीतून वाहून गेली होती. उरली नुसती काच, तिच्यावर राखेचे बारीक ओरखडे. लेप पैसे देऊन नवा चढवता येईल हो. पण त्या काचेला तुमच्या हातानं जो खोलगटपणा दिला, केसाच्याही शंभराव्या हिश्शापर्यंत मोजून-मापून, त्यावर मी खर्र-खर्र ओरखडे ओढले. तुमचा हात जगात एवढ्या एकाच जागी शिल्लक होता.

मी ती काच नळीत परत बसवली आणि कुणालाच सांगितलं नाही. नातीला फोटो पाठवले, ती नाचली. शेजारचे येतात, काट्यावर टिचकी मारतात, "भाऊ, लय भारी बनवली, आता चांद दाखवा ना!" मी म्हणतो, भिंग यायचं आहे नागपूरहून. हे पत्रही कुठं टाकायचं नाही. तुम्हाला तरी सांगावं म्हणून बसलो होतो, आणि बघा, निम्मं पत्र कवितांचंच लिहिलं.

थांबा, फाटक वाजलं.

बाबा, ताई आली आहे, तुमची थोरली लेक. मूल गावाहून, एकटी, एसटीनं, न कळवता. डोळ्यांवर काळा चष्मा. मागच्या महिन्यात मोतीबिंदू काढला म्हणे, मला कळवलंही नव्हतं. दारातच पिशवी ठेवली, चप्पल काढली नाही, चष्मा काढला. म्हणते, "डाक्टर म्हनला, आता सगळं साफ दिसंन. म्हटलं, पयले बाबाच्या काचेतून पाहीन, मंग बाकीचं. कुठी ठेवली रे बाबू?"