रक्त पिणाऱ्या घरातली नवरी

फलटण, श्रावण १९७४. मंगळवार संध्याकाळ.

रक्त पिणाऱ्या घराण्यावरची माझी प्रेमकथा अडलीय. नायक हे गुपित नवरीला लग्नाआधी सांगेल का? आणि आज तेच आमच्या घरात! धाकट्या दिरांना फिट येते, हे सासूबाईंनी त्यांच्यासाठी मुलगी घेऊन आलेल्या शिराळ्याच्या पाहुण्यांपासून लपवलं. "तू गप ऱ्हा," मला बजावलं. मला राहवेना. मुलीला परसात नेलं आणि सांगून टाकलं. 

ती म्हणाली, "मला ठावं हाय, वैनी. मघाशी देवळात त्यांनीच सांगितलं. म्हटलं, असू दे."

तेव्हापासून चैन नाही. घरात कुणाशी चार शब्द न बोलणारा हा माणूस. काय बोलला असेल? कशी सुरुवात केली असेल? विचारायचा धीर होत नाही, आणि कथेतला नायक अजून गप्पच.