चौथी दांडी

दीपाचे बाबा,

भाकरी टोपल्यात हाय, पिठलं गरम करून घ्या.

तुमच्या खेळण्यातल्या रेल्वेले हात लावू नको म्हटलं होतं तुमी, तरी म्या लावला. रुळाचे सांधे बदलाले तुमी टेबलाच्या कडेले चार दांड्या बसोल्या, कोन्ती दांडी गाडीले कुठं नेते ते मले पाहाचं होतं. तीन दांड्या गाडीले टेबलावरच्या वाशिमातच फिरोतात. चौथी ओढली तं गाडी ‘रिठद’ लिवलेल्या टेसनावर, माह्या माहेरी गेली! तिथं खरी रेल्वे तं नाही. माह्या भावासंग तुमी पाच वर्सं बोलले नाही, मंग ते पुठ्ठ्याचं टेसन काहून? अन् नेमका त्याच दांडीचा रंग बोटाईनं झिजला.

मी जीपनं रिठदले चालली. तुमची गाडी तिथंच उभी हाय, सांधा बदलू नका. मले न्याले तुमीच या.

रत्नमाला