कोणाला कोणता गेम: दोनशे तेरा कार्डांची हकीकत

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार. (लिहिण्याआधी खुर्चीवरून उठून खरोखर वाकले आहे, पत्राचा पहिलाच शब्द खोटा पडायला नको.) तुझा गुडघा कसा आहे? बाबा स्वतःचा नवा चष्मा लावायला लागले, की अजून गिऱ्हाइकांना उपदेश करून आपण जुन्यातूनच बघतात? माझी प्रकृती बरी आहे. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, काळजी तेवढी वेळ न पाळता करते.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की दोघांनी मिळून स्वयंपाक करायचा तो गेम मी ज्या नवविवाहित जोडप्याला निवडून दिला, त्यांनी तो सोमवारी परत केला. यात दोन चुका आहेत. तो मंगळवार होता. आणि त्यांनी गेम परत केलाच नाही. परत केलं ते एकमेकांना. नवरा हातात डबी घेऊन दुकानात आला एवढं पाहिलं आणि मी घाईने तुला लिहून मोकळी झाले. तो आला होता दुसरी प्रत मागायला. ती आता माहेरी राहते आणि रोज संध्याकाळी दोघं आपापल्या घरी बसून एकत्र स्वयंपाक करतात. एका ओट्याशी उभं राहून जे जमलं नाही, ते चार मैलांवरून झकास जमतं म्हणे. पडद्यावरचा कांदा डोळ्यांना झोंबत नाही आणि तो कोणी चिरायचा यावरून कोणाची आई मध्ये पडत नाही. माझी निवड चुकली की बरोबर आली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला ठरवता आलं तर कळव.

तू विचारलं आहेस की मी दुकानात नेमकं काय करते, कारण शेजारच्या बाईंना तू ‘भाची कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगितलंस आणि मग ते खरं की खोटं या विचाराने तुला दोन दिवस चैन पडलं नाही. अर्धवट खरं आहे. हे व्हिडिओ गेमचं दुकान आहे. भिंतीभर डब्या आहेत, मध्ये गेम खेळून बघायला दोन खुर्च्या आणि दोन पडदे, आणि आत येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना आपल्याला काय हवं हे माहीत नसतं. त्या आठ जणांसाठी मी आहे. मी येण्यापूर्वी मालकांनी तीन फळ्या केल्या होत्या: मुलांसाठी, मोठ्यांसाठी आणि बायकांसाठी. बायकांच्या फळीवर एकूण चार गेम होते, त्यातले तीन मांजरांना कपडे घालण्याचे. (चौथा चुकून तिथे गेला होता. रणगाड्यांचा होता. सर्वांत जास्त खपायचा.)

आता माझी पद्धत. ती माझी नाही, तुझी आणि बाबांची आहे. तू मला दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलंस, म्हणजे खरं तर आपल्या चष्म्याच्या दुकानातच शिकवलंस. अक्षरओळख मला डोळे तपासायच्या तक्त्यावरून झाली, त्यामुळे अक्षर जितकं बारीक तितकं खरं, असं मला आजही वाटतं आणि मी साबणाच्या वेष्टनाची मागची बाजूसुद्धा वाचते. बाबा काच बदलत विचारायचे, ‘ही बरी की ही?’, आणि तू प्रत्येकाचं कार्ड लिहायचीस. मीही तेच करते. गिऱ्हाईक बसवते, अकरा प्रश्न विचारते (काम काय, घरी कोण, राग कशाचा येतो, हरल्यावर काय करता), मग दोन गेम थोडे थोडे खेळायला देते आणि विचारते, हा बरा की हा? उत्तर आलं की क्रम उलटा करून पुन्हा विचारते, कारण माणसं भिडेखातरही पहिला बरा म्हणतात. एका माणसाला मी पाऊण तास बसवलं तेव्हा मालक न राहवून म्हणाले, “अहो बाई, गेम म्हणजे काय चष्मा आहे का?” मला या प्रश्नात काही चूक दिसली नाही. मी हो म्हटलं.

पण चष्म्याची काच जुळली की माणसाला स्पष्ट दिसतं; गेम जुळला की माणूस स्पष्ट दिसतो. रेल्वेच्या खिडकीत तिकिटं देणारे एक गृहस्थ आले. दिवसभर काचेमागे बसून जीव आंबतो म्हणाले. मी त्यांना डोंगर, समुद्र, हवा तिकडे घोडा फेकावा असा गेम दिला. तीन दिवसांनी घाबरून परत आले. एवढ्या मोकळ्या जागेत करायचं काय, विचारायचं कोणाला, असं म्हणाले; ती तक्रार नव्हती, खरी विचारणा होती. शेवटी पोस्टाच्या खिडकीत बसून पार्सलं लावायचा एक गेम त्यांनी स्वतःच शोधला आणि त्यात ते इतके रमले आहेत की सुट्टीच्या दिवशीही दोन पाळ्या करतात. तिथली रांग उलट बोलत नाही आणि तिथे बढती मिळते. एका परिचारिकेला मी फुलझाडं वाढवायचा गेम दाखवला. ती म्हणाली, “ताई, दिवसभर माणसं जगवते मी. मला मारामारीचा द्या. फक्त मेलेली पुन्हा उठायला नकोत, एवढं बघा.” मी कार्डावर तसंच लिहिलं.

(हे सगळं मी तुला सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. आपल्या दुकानाचा नियम मला पाठ आहे: नंबर ज्याचा त्यालाच. एक बाई विचारायला आल्या होत्या की यांना खरंच दिसत नाही, की तांदळातले खडे तेवढे दिसत नाहीत, आणि तू म्हणालीस, ते त्यांनाच विचारा. पण तू कार्डं सांभाळणारी आहेस. तुला सांगणं म्हणजे कार्ड खणात ठेवणं, असं मी स्वतःला समजावलं आहे. पटलं नसेल तर मागचा परिच्छेद विसर.)

सर्वांत महागात पडलं ते एका कचेरीच्या साहेबांचं प्रकरण. त्यांना हाताखालच्या लोकांत खेळीमेळी आणायची होती. मी त्यांना असा गेम दिला की आठ जणांत एक गुपचूप घातपाती असतो आणि बाकीच्यांनी मतं देऊन त्याला बाहेर काढायचं. सात डाव झाले. सातही वेळा सर्वांत आधी साहेबांना बाहेर काढलं. एका डावात तर ते फोनवर होते आणि अजून खेळायला आलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, यातून काय समजायचं? मी प्रामाणिकपणे विचारलं की ते घातपाती होते का. एकदाही नव्हते. कार्डावर मी लिहिलं, ‘इतरांना यांच्याबरोबर खेळायला आवडत नाही, एकट्याचा गेम बघणे.’

इथून पुढे जे आहे त्याने माझी भूक गेली आहे. मालकांच्या ओळखीतल्या एका माणसाने त्यांना एक यंत्र विकलं आहे. यंत्र म्हणजे पडदाच, पण बोलतो. गिऱ्हाइकाची माहिती त्याला भरवायची, की तो गेम सुचवतो आणि आपण होऊन घरी निरोपही धाडतो. माहिती कुठली, तर माझी कार्डं. आठ महिन्यांची, दोनशे तेरा. मालक खुशीत म्हणाले, “तुमचे ते अकरा प्रश्न एकदाचे कामाला आले बघा.” मी म्हटलं, लोकांनी हे मला सांगितलं, यंत्राला नाही. ते म्हणाले, “दुकानात बसून सांगितलं ना? मग दुकानाला सांगितलं.” यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. चार दिवसांनी सुचलं, पण तेव्हा ते विषय विसरले होते.

नमुन्यादाखल त्यांनी एकच कार्ड भरवून पाहिलं, आणि ते नेमकं साहेबांचं निघालं. साहेबांनी कार्डावर कचेरीचा नंबर दिलेला. तिथल्या सगळ्यांच्या सामायिक फोनवर निरोप गेला: ज्यांना कोणी खेळायला घेत नाही त्यांच्यासाठी खास पाच गेम. आठांपैकी सात जणांनी तो वाचला आणि आठव्याला वाचून दाखवला. मालक हसून हसून खुर्चीवर बसले. त्यांच्या मते यंत्र अचूक चालतं.

आणि माझ्या कार्डांच्या पेटीत एक कार्ड आहे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज अकरा वाजता एक गृहस्थ येतात आणि चारपर्यंत खेळून बघायच्या खुर्चीत बसतात. बरोबर जेवणाचा डबा असतो. चार महिन्यांपूर्वी त्यांना कामावरून कमी केलं, घरी सांगितलेलं नाही. डबा बायको भरून देते. हे त्यांनी मला सातव्या प्रश्नाला सांगितलं, मी फक्त ‘संध्याकाळी घरी गेल्यावर मन कसं असतं?’ एवढंच विचारलं होतं. त्यांना मी बढत्यांचे, शहरं बांधायचे, शर्यतींचे गेम दाखवले. सगळ्यांना त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग दीपगृहाचा एक छोटासा गेम लावला. अंधार पडला की दिवा लावायचा, तेल बघायचं, लांबून जाणारी जहाजं एकदा भोंगा वाजवून पुढे जातात. बस, एवढंच. तो त्यांनी घेतला. ‘कुणीतरी आपल्यामुळे पोचलं, एवढं दिवसाकाठी पुरे,’ असं ते म्हणाले आणि मी ते कार्डावर लिहिलं, जे मी लिहायला नको होतं. कारण त्याच कार्डावर फोन नंबर आहे तो त्यांच्या बायकोचा. त्यांचा स्वतःचा फोन कामाच्या ठिकाणचा होता, तो तिथेच ठेवून यावा लागला.

शुक्रवारी, अठरा तारखेला, यंत्रवाला येऊन सगळी कार्डं एका दमात भरवणार आहे. मालकांना मी म्हटलं, निदान काही कार्डं वगळा. कुठली, असं त्यांनी विचारलं. आता कुठली हे सांगणं म्हणजे तेच सांगणं, म्हणून मी मागणी सोडून दिली. मग शर्टाच्या गृहस्थांनाच सांगितलं की शुक्रवारच्या आत घरी बोला. ते बराच वेळ दिव्यात तेल घालत राहिले आणि म्हणाले, “बोलतो. गुरुवारपर्यंत बसू द्या.” त्यांनी स्वतः सांगणं वेगळं आणि ‘दिवसभर घराबाहेर वेळ काढणाऱ्यांसाठी खास’ असा निरोप बायकोच्या हातात पडणं वेगळं. शिवाय ते बोलतील याचा भरवसा मी कशावरून धरू? मलाही मालकांशी बोलायला चार दिवस लागले.

म्हणून मी एक निर्णय घेतला आहे. तो पत्राच्या मुख्य भागात लिहिण्यासारखा नाही.

गुडघ्याला जप. पायरी उतरताना आधी दुखरा पाय, हे तूच मला सांगितलं होतंस आणि तूच उलटं करतेस. बाबांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. बुधवारपर्यंत तुझ्या नावाने एक खोकं येईल. त्यावर मी ‘कागद’ असं लिहिलं आहे आणि ते खरं आहे. आपल्या दुकानाच्या जुन्या कार्डांचं कपाट आहे, त्यात खालच्या खणात ठेव आणि किल्ली कमरेला लाव. उघडू नकोस. मोजू तर मुळीच नकोस.

ता. ता. क. तू खोटं बोलत नाहीस, हीच यातली मोठी अडचण आहे. मालकांकडे बाबांच्या दुकानाचा नंबर आहे आणि ते फोन करतील. म्हणून खोक्यात काय आहे ते मी तुला कळवलेलं नाही, हे लक्षात घे. वरचं पत्र वाचून तुला काही अंदाज आला असेल, तर तो अंदाजच आहे. ‘मला माहीत नाही’ असं तू निर्धास्त म्हणू शकतेस. तरी मन खात असेल तर फोन बाबांना दे. त्यांना खरंच माहीत नाही, आणि ते समोरच्याला ‘आधी उजव्या डोळ्याचं सांगा’ म्हणून अर्धा तास धरून ठेवतील.

आणि ही चोरी नाही, यावर मी बराच विचार केला आहे. कार्डाचा कागद मालकांचा, शाई माझी, मजकूर गिऱ्हाइकांचा. दुकानातल्या पेटीत मी दोनशे तेरा कोरी कार्डं विकत आणून ठेवली आहेत, त्याच जाडीची. मजकूर ज्याचा त्याला एकेक करून परत करीन. ते होईपर्यंत मला राहायला जागा लागेल, कारण इथली खोली दुकानामुळे मिळालेली आहे. माझी खाट अजून आहे ना, की बाबांनी तिच्यावर चष्म्याच्या डब्या रचल्या?

ता. ता. ता. क. तू विचारलं होतंस की मी स्वतः कोणता गेम खेळते. कुठलाच नाही. सुरुवातीलाच तो विचारतो, सोपा, मध्यम की अवघड, आणि मी क्रम उलटा करून पुन्हा वाचते आणि मग बंद करते. दोनशे तेरा माणसांना मी सल्ला दिला तो असा. या खेपेलाही चार दिवस तेच केलं. आधी सांगावं तर खोकं वाटेत अडवतील. शुक्रवारी सांगावं तर यंत्रवाला समोर बसलेला असेल. काही न सांगता निघून यावं तर कार्डं शर्टाच्या गृहस्थांनी नेली असं मालक म्हणतील, रोज तेच तर पेटीशेजारी बसतात. म्हणून तोंडावर सांगणार आहे की कार्डं मी नेली, मी एकटीने नेली आणि परत आणणार नाही. वाक्य पाठ केलं आहे. गुरुवारी, सतरा तारखेला, सकाळी साडेदहा वाजता, शटर वर गेल्याबरोबर.