पिवळी सलाईन

बाबा, तुमच्या नातीवर दोन वर्षांची बंदी आली आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही; ती जन्मली तेव्हा तुम्हाला जाऊन बराच काळ झाला होता. ती सायकलच्या शर्यतींत उतरते आणि बंदी उत्तेजकांच्या नियमाखाली आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा पूर्ण लिहिलं. कंपनीत, सोसायटीत, नातेवाइकांत मी 'थोडी टेक्निकल अडचण आहे' एवढंच म्हणतो. लोक मान हलवतात, आणि चार पावलं पुढे जाऊन काय बोलतात तेही मला ठाऊक आहे: पोरगी इंजेक्शनं घेत होती म्हणे. खरं काय झालं ते ऐकून तुम्ही हसाल की चिडाल, मला ठरवता येत नाही. तिला सलाईन लावली होती. तुमच्याच दवाखान्यात, कॅम्प चारच्या वस्तीत, ज्या टेबलावर तुम्ही जन्मभर लोकांना आडवं केलंत त्याच टेबलावर. आणि लावा म्हणून मी सांगितलं होतं.

तुम्ही त्या दवाखान्याचे कंपाउंडर. सकाळी मोरिवलीहून काळ्या सायकलवर निघायचात, हॅण्डलला कापडी पिशवी आणि पिशवीत बाटल्या. ज्यांना दवाखान्यापर्यंत येववत नसे त्यांच्या घरी डॉक्टर तुम्हालाच पाठवत. शाळेला सुट्टी असली की मी मागे कॅरियरवर बसायचो. कुठे खिडकीच्या गजाला, कुठे देवाच्या फोटोच्या खिळ्याला तुम्ही बाटली टांगायचात, आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "कंपाउंडरभाऊ, पांढरी नको, पिवळी लावा. पिवळीत ताकद असते." मग तुम्ही जीवनसत्त्वांची एक छोटी काचेची कुपी फोडून बाटलीत सोडायचात आणि सगळं पाणी पिवळं व्हायचं. ते पिवळं होताना घरच्यांचे चेहरे जे सैल पडायचे, ते मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत. माणूस बरा व्हायचा तेव्हा होवो, घर त्याच क्षणी बरं व्हायचं.

मला टायफॉइड झाला तेव्हाचं मी तुम्हाला कधी बोललो नव्हतो. मी स्वयंपाकघरात जमिनीवर चटईवर पडलोय, कारण बाटली टांगायला हूक तिथेच आहे, माळ्याच्या फळीला. आई भाकऱ्या थापते आहे आणि पीठ माझ्या पायावर उडतंय. मला हात हलवायचाय, मी सुई ओढतो, रक्त येतं. तुम्ही कामावरून नुकते आलेले. तुम्ही हात उगारत नाही, फक्त म्हणता, "लोकं रांगेत उभी रातात या बाटलीसाठी, आनि तुला घरात मिळते तर नखरे करतोस? कोनी मायेनं देतंय तर गप घ्यावं." मग दुसऱ्या हाताला सुई लावता आणि बाटली संपेपर्यंत माझं मनगट धरून बसता. तुम्ही मला इतका वेळ हात लावून बसलात असा तो एकच दिवस मला आठवतो. तेव्हापासून मी दिलेलं गप घेत आलो. आता मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही नाही आहात.

राज्य स्पर्धेच्या चार दिवस आधी तिला ताप आला. आम्ही आता बदलापूरला सोनिवलीत राहतो, नव्या इमारतीत. ती रोज सकाळी बारवी धरणाच्या रस्त्यावर सराव करते. त्या दिवशी अर्ध्यातून परत आली, ओठ सुकलेले, डोळे लाल. हिने, म्हणजे तुमच्या सुनेने, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, ते राहिलंही पोटात. तेवढं पुरलं असतं. पण मला नाही पुरलं. मी तिला स्कूटरवर बसवलं आणि बदलापूर, अंबरनाथ मागे टाकत थेट कॅम्प चार गाठला. तुमच्या डॉक्टरांच्या जागी आता त्यांचा मुलगा बसतो. आम्ही दोघांनी लहानपणी दवाखान्यातल्या बाकावर बसून बर्फाचा गोळा खाल्लेला आहे. त्याने तपासलं आणि म्हणाला, "वायरल आहे, गोळ्या देतो." मी म्हणालो, "अरे, सलाईन लाव. आणि पिवळी लाव. माझ्या बाबांची नात आहे ती." तो हसला. "तेरे बाप का दवाखाना है भाई, लगा देता हूँ." मी टेबलाजवळ तिचं मनगट धरून उभा राहिलो. फोटोही मीच काढला: मागे पिवळी बाटली, पुढे तिचा वर केलेला अंगठा. फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आजोबांच्या दवाखान्यात. माझ्या बहिणीने तोच फोटो आपल्या स्टेटसला लावला, 'आमची वाघीण' म्हणून. बहिणीचे स्टेटस कोण कोण बघतं ते तिलाही माहीत नाही.

स्पर्धेत ती दुसरी आली. राष्ट्रीय शिबिरासाठी नाव गेलं. त्या दिवशी तपासणीची माणसं आली होती, आणि ती माणसं आल्याचं कळल्यावर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पुरुषांच्या शर्यतीत एकापाठोपाठ एक पोरं रस्त्याच्या कडेला उतरायला लागली. कुणाची ट्यूब गेली, कुणाच्या पोटात दुखायला लागलं. चहावाला म्हणाला, "काय ओ साहेब, रस्त्यावर खिळे टाकलेत का कोणी?" सगळे हसले, मीही हसलो. तुमची नात मात्र सरळ गेली, सांगितल्या ठिकाणी नमुना दिला, आणि तो स्वच्छ निघाला. हे मला पुन्हा लिहू द्या. तिचा नमुना स्वच्छ निघाला. बंदी आली ती फोटोमुळे. कुणीतरी तो स्टेटसचा फोटो पाठवून तक्रार केली. नियम असा आहे की रुग्णालयात भरती करून उपचार चालू असतील तर गोष्ट वेगळी, एरवी शिरेतून अशी बाटलीभर सलाईन घ्यायची नाही, मग ती नुसत्या मीठपाण्याची का असेना. त्याने रक्त पातळ होतं आणि दुसरं काही घेतलं असेल तर ते लपवता येतं. मी रसायनशास्त्र शिकलोय, कारण मला पटतं. नियम चुकीचा आहे असं म्हणता येत नाही, हाच माझा सगळ्यात मोठा वैताग आहे. अंबरनाथच्या कारखान्यात लॅबमध्ये मी स्वतः हेच करतो. नमुन्यात नको ते सापडलं की माल परत. सुपरवायझर गयावया करतो, "साहेब, ड्रम धुताना राहिलं असेल, मुद्दाम कोण करतंय?" आणि मी म्हणतो, कसं आलं ते माझ्या कागदावर येत नाही. हे मी किती थंडपणे म्हणत आलो ते आता मला ऐकू येतं. आणि ती कडेला उतरलेली पोरं पुढच्या महिन्यात दुसऱ्या स्पर्धेत पुन्हा सायकलवर होती.

नोटीस आली तेव्हा हिने एकदाच तोंड सोडलं. "बदलापुरात डॉक्टर नव्हते? लिंबूपाण्यानं ती बसली होती उठून. पण नाही, तुम्हाला तुमच्या बाबांची बाटली लटकलेली दिसली पाहिजे." दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर कॅम्प चारला गेलो. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "टेन्शन काय घेतोस? वर तीन खाटा आहेत ना आपल्या. एक दिवसाची भरती दाखवतो. ताप होता, अंगातलं पाणी गेलं होतं, खोटं काय आहे त्यात? तुझे बाबा माझ्या वडिलांकडे आयुष्यभर राहिले यार, एवढं मी करू शकत नाही?" खरंच, खोटं काय होतं त्यात? तोच ताप, तीच बाटली, तोच डॉक्टर. तिला जिना चढवून वरच्या खाटेवर निजवलं असतं, नाव भरतीत घातलं असतं, तर निदान बोलायला जागा होती. एका जिन्यासाठी माझ्या मुलीची दोन वर्षं. मी त्याला नको म्हणालो नाही. घरी विचारून सांगतो म्हणालो.

ती गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशने सायकलची साखळी घासत होती. मी सांगितलं. ती घासतच राहिली. मग म्हणाली, "पप्पा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सलाईन चालत नाही ते. मागच्या शिबिरात सांगितलेलं. सुईनं काहीही आत जाणार असेल तर आधी सरांना फोन करा."

"मग टेबलावर पडून गप्प का राहिलीस?"

"तुम्ही माझा हात धरून उभे होतात." तिने ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "आणि पप्पा, तुम्ही इतके खूश होतात. पिवळी लाव, पिवळी लाव. मला वाटलं, पाणीच तर आहे. कोण बघतंय."

बाबा, मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, त्यात तुमच्याबद्दलही होतं. माझ्या तोंडावर नाही म्हणता न येणारी मुलगी मी वाढवली, आणि ते मला कौतुकाचं वाटत आलं होतं. पाहुण्यांना सांगायचो, उलटून बोलत नाही कधी. त्याच संध्याकाळी मी डॉक्टरला फोन करून भरतीचा कागद नको म्हणालो. तो म्हणाला, "जैसी तेरी मर्जी. पण तुझ्या बाबांनी घेतला असता." तुम्ही घेतला असता का? मी याचा खूप विचार केला आहे. नातीसाठी तुम्ही घेतला असता असं वाटतं, आणि लगेच वाटतं की हे मी तुमच्या तोंडी घालतोय, कारण तुम्ही घेतला असतात तर मीही घ्यायला हवा होता असं मला चिडून म्हणता येईल. मी नको म्हणालो ते खरेपणाने म्हणालो का, हेही मला सांगता येणार नाही. फोटोत टेबलामागे बाकावर रांगेत बसलेली माणसं स्पष्ट दिसतात. भरती दाखवली असती तरी पकडलो गेलो असतो.

सुनावणी लॅपटॉपवर झाली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारण नेट तिथेच नीट येतं. पडद्यावर तीन माणसं. मी त्यांना दिसणार नाही असा, ओट्याला टेकून उभा. हिने कुकरची शिट्टी नको म्हणून गॅस बंद केलेला. त्यांनी सभ्यपणे विचारलं, हळूहळू विचारलं. मग एक बाई म्हणाल्या, "आपको इस नियम की जानकारी थी?" तिने लॅपटॉपवरून माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान हलवली. नाही म्हण, अशी. नमुने तपासणारा माणूस, खोटा कागद नाकारून आलेला, आणि त्या क्षणी मी स्वयंपाकघरात उभा राहून मुलीला खोटं बोलायला खुणावत होतो. ती माझ्याकडे पाहतच म्हणाली, "हाँ मॅडम. थी." आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं नाही.

नाही म्हणाली असती तर बंदी बरीच कमी झाली असती, असं तिच्या सरांनी नंतर सांगितलं. ते त्यांनी का सांगितलं? काय करायचं होतं मी ते ऐकून? लोक मला म्हणतात, मुलीचा अभिमान वाटायला हवा. ज्या दोन-चार जणांना खरं माहीत आहे ते म्हणतात. मला अभिमान कमी आणि राग जास्त वाटतो, आणि राग कुणावर ते दिवसाला बदलतं. फोटो पाठवणाऱ्यावर, बहिणीवर, ट्यूब गेलेल्या पोरांवर, तुमच्यावर. बहुतेक दिवस फिरून फिरून तो माझ्यापाशी येऊन बसतो.

शिबिर तिच्याविना झालं. बंदीत क्लबबरोबर सरावालाही जाता येत नाही. तरी ती सकाळी निघते. मागच्या रविवारी मी स्कूटरवर तिच्या मागे लांबून जात होतो. धरणाच्या चढावर मागून क्लबचा घोळका आला तशी ती डावीकडे कडेला झाली, त्यांना वाट दिली. तिच्याहून धाकटी एक मुलगी वेग कमी करून ओरडली, "ताई, लाग ना मागे! कोण बघतंय?"

"मागच्या वेळी पण हेच वाटलेलं," ती म्हणाली. दोघी हसल्या. घोळका वळणाआड गेला आणि ती एकटी चढत राहिली, वेग जराही न वाढवता. मला तिथे थांबून कुणालातरी शिव्या घालायच्या होत्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, तर एक गोष्ट लिहून टाकतो. काल सकाळी घरून निघतानाच मलाही ताप होता. कामावरून अर्ध्या दिवसात सुटलो आणि घरी न जाता कॅम्प चारला गेलो. डॉक्टरने गोळ्या लिहिल्या. मग माझ्याकडे बघून जरा चाचरत विचारलं, "लावू का?" मी उठून यायला हवं होतं. मी चप्पल काढून तुमच्या टेबलावर आडवा झालो आणि म्हणालो, पिवळी. बाटलीतलं पाणी पिवळं होताना मी पाहिलं, मग थेंब पडताना पाहिले, आणि नोटीस आल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली. जागा झालो तेव्हा सुई लावलेल्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने मीच धरलेलं होतं. घराच्या जिन्याशी आल्यावर हातावरची चिकटपट्टी काढून खिशात टाकली, बाही खाली ओढून बटण लावलं आणि वर गेलो. ती दार उघडून म्हणाली, "पप्पा, बरं वाटतंय का आता?" हो म्हणालो. कशाने, ते तिला सांगितलेलं नाही.