मशीन पाय देत नाही

उंद्री, फेब्रुवारी १९८९

बाबू श्रीपत,

तू निंबावरून पडला अन् कमरेखालचं अंग लुळं पडलं, तवापासून तू जेवण टाकलं होतं. मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टर मले म्हणाले, "ताई, एमआरआयमध्ये मणक्यातल्या मुख्य नसेचा फोटो निघतो. आम्हाला अशा इजेचा अभ्यास करायचा आहे. यानं भावाचे पाय येणार नाहीत, हे त्याला नीट सांगा."

मी तुले उलटंच सांगितलं. "मशीनमधून निघाला का पाय येतीन," म्हटलं. तू हासला, पोटभर जेवला, अन् त्या खडखडणाऱ्या नळीत मुकाट्यानं पडून राह्यला.

काल आपला चुलतभाऊ गुलाब तुले भेटून आला. सांगे, "श्रीपत शेजारच्या खाटेवरच्या माणसाले समजावून राह्यला. 'भेऊ नको बे, माहे पाय येऊन राह्यले, तूही मशीनमध्ये जाय,' म्हणे."

ते आयकून मी हे पत्र लिहाले बसली.

तुले वाचता येत नाही; हे पत्र टाकलं तर कोणी परकं तुले वाचून दाखवीन, अन् मी इथं तोंड लपवून बसीन. म्हणून टाकत नाही. सकाळच्या गाडीनं मीच येऊन राह्यली. पहिले तुले खरं सांगीन, मंग तुह्यासमोर त्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाले. मले शिव्या देजो, तोंडही पाहू नको. पण जेवण सोडू नको, बाबू.

तुही खोटं बोललेली ताई,
मनकर्णा