तपकिरीची डबी

नागपूर, सोमवार, ता. १२ ऑगस्ट १९७४

आज पत्नी सुमतीच्या गालाच्या कर्करोगावरील किरणोपचारांचा सहावा दिवस. पहिल्या दिवशी रुग्णपत्रिकेतील ‘व्यसन’ या रकान्यात मी ठसठशीत अक्षरांत ‘नाही’ असे लिहिले होते. आमच्या घरात विडी कधी शिरली नाही, याचा केवढा अभिमान!

बाकावर शेजारी रामटेककडची एक बाई होती. मानेवर किरणांची जागा आखणाऱ्या जांभळ्या शाईच्या रेघा. तिने सुमतीला विचारले, “काहून वं माय, तू बी तपकीरच घासत होती का? इथल्या साऱ्या बाया तपकीरवाल्या, अन् छातीचे बुढे बिडीवाले.”

सुमती गाल धरून हसली. “मले डबी आणून देणारे हे बसले ना!”

तपकीर म्हणजे तंबाखूच, हे मला ठाऊक नव्हते काय? होते. तरीही दंतमंजन समजून चाळीस वर्षे ती डबी सीताबर्डीवरून मीच आणली. मीच!

तसाच उठलो आणि डॉक्टरांसमोर तो ‘नाही’ खोडला.

“अजूनही घासतात?” त्यांनी विचारले.

सकाळी घेतलेली नवी डबी माझ्या कोटाच्या खिशात होती. ती काढून मी त्यांच्या मेजावर ठेवली.